गाडी उघडायची की देऊन टाकायची

ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील, आधीच सांगते. अक्षर तर विचारूच नये. चौथीनंतर पेन धरलं ते रेशनच्या फॉर्मवर सही करण्यापुरतंच, त्यामुळे ओळ सरळ जात नाही आणि जोडाक्षर आलं की हात अडतो. ही वही नातवाची उरलेली आहे. पुढच्या पानांवर त्याची गणितं आहेत, म्हणून मी मागच्या बाजूनं सुरुवात केली. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही. मग माफी कुणाची मागते, ते मलाही कळत नाही. माफी मागून बोलायला सुरुवात करायची, ही सवयच आहे.

आमचं घर सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला होतं. दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि घराहून मोठं अंगण. अंगण मोठं, कारण ते गाडीचं होतं. गाडी म्हणजे आप्पांचा ट्रक, पण ट्रक असं आमच्यात कुणी म्हणायचं नाही. गाडी आली, गाडी गेली, गाडीला बरं नाही, असंच बोलणं. कर्नाटकातनं फरशी भरून आणायची आणि सोलापुरात बांधकामांवर उतरवायची, हा धंदा. सकाळी गाडी चालू झाली की मांडणीवरच्या पितळी वाट्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. तो आवाज थांबला की गाडी नाक्याच्या पुढं गेली असं समजायचं, आणि मग अव्वा, म्हणजे माझी आई, जरा मोठ्यानं श्वास सोडायची. गाडीबरोबर आप्पाही जायचे ना. दिवसभर घरात आवाज नसायचा. संध्याकाळी डिझेलचा वास आधी यायचा, मग हॉर्न. आमच्या अंगावरच्या कपड्यांना, भाकरीला, शेंगाच्या चटणीलासुद्धा तो वास होता. आजही रस्त्यानं एखादी जुनी गाडी धूर सोडत गेली की मला भूक लागते आणि भीती वाटते, दोन्ही एकदम.

आप्पांनी गाडीला आयुष्यात कधी लाथ मारली नाही. हे मी मुद्दाम लिहिते. रविवारी ते गाडी स्वतः धुवायचे, कापड पिळून काचेवरनं असं फिरवायचे की बघत राहावं. दार लावतानासुद्धा आपटायचे नाहीत. अव्वाच्या पाठीवर मात्र त्यांच्या चपलेचा आकार मी न्हाणीत कितीदा बघितला आहे. गाडी अव्वाच्या माहेरच्या सोन्यावर घेतली होती. पाटल्या, बिल्वर, गळ्यातली पुतळ्यांची माळ, सगळं तिच्या बापानं मैंदर्गीहून येऊन स्वतःच्या हातानं आप्पांच्या ओंजळीत घातलं होतं. तिच्या अंगावर राहिलं ते गळ्यातलं चांदीचं इष्टलिंग आणि काचेच्या बांगड्या.

घरात चौथं माणूस, बाई म्हणावी की पुरुष म्हणावा, अशी आमची आत्या होती, आप्पांची थोरली विधवा बहीण. तिचा शब्द आप्पाही मोडायचे नाहीत. तिनं न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवल्या होत्या, अव्वाच्या एका बाजूला आणि माझ्या एका बाजूला. रोज एक रेघ. कोण कधी बाजूला बसणार, हे आमच्या आधी तिला ठाऊक असायचं. बाजूला बसायचं म्हणजे पडवीत, जुन्या टायरांच्या शेजारी, पोत्यावर. भाकरी ती वरून टाकायची. पदरात नाही पडली तर मातीतली उचलून झटकून खायची. आणि त्या दिवसांत गाडीकडे तोंडसुद्धा करायचं नाही, लक्ष्मी आहे ती. वर्षातनं कधी पंक्चर झालं तरी आत्या आधी भिंत बघायची, मग टायर.

आणि हनीफमामा. आप्पांचा ड्रायव्हर. मामा मीच म्हणायची. चार वर्षं होता. आमच्या अंगणात जेवायचा, पण त्याची ॲल्युमिनियमची ताटली बाहेरच्या कोनाड्यात वेगळी असायची आणि पाणी आत्या वरून ओतायची. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं की वाटत होतं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. पगारातले थोडे पैसे तो दर महिन्याला आप्पांकडेच ठेवायचा. त्याची मुलगी माझ्याच वयाची होती. म्हणायचा, “मालक, मेरे पास रहेंगे तो खर्च होतील. शमशादच्या शादीला एकदम द्या.”

त्या वर्षी खंडेनवमीला माझे दिवस चार रेघा आधीच आले. सकाळी कळलं. अंगणात गाडी धुवून उभी होती, झेंडूच्या माळा, बोनेटवर कुंकवाचे हात, पुढं कोहळा. अव्वा आत पुरण वाटत होती. आत्याला सांगितलं असतं तर सणाचे दोन्ही दिवस पोत्यावर गेले असते, आणि खरं सांगते, मला पुरणपोळी गरम खायची होती. एवढंच. पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी काय कारण लागतं. मी गप्प बसले.

घरी एक पिंप डिझेल असायचं, कर्नाटकातनं स्वस्त आणलेलं. त्यात गाळ असायचा, म्हणून टाकीत घालताना तोंडाशी लुगड्याच्या जुन्या तुकड्याच्या दोन घड्या धरायच्या आणि त्यातनं गाळून ओतायचं. धरायचं काम अव्वाचं. गाडीच्या पुढच्या अंगाला माळा बांधता बांधता आप्पा ओरडले, “कपडा धरायला या की कुणीतरी!” अव्वाचे हात पुरणात. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी नाही कशी म्हणणार? गेले. अव्वाच्या हिरव्या इरकलीचा तांबड्या काठाचा तुकडा घेऊन टाकीशी वाकले. हनीफमामानं एक डबा ओतला आणि दुसरा भरायला वळला. तेवढ्यात आप्पांनी नारळ फोडला. तो आवाज मला बंदुकीसारखा लागला, वाटलं लक्ष्मीला कळलं. हात सुटला. तुकडा आत गेला.

मी हात घातला, नुसतं गार डिझेल लागलं. मामा परत आला. “कपडा किधर गया बेटा?”

“गाळून झालं न्हवं? वाळत टाकलाय.”

“अजून एक डबा हाय की,” म्हणाला, आणि मग हसला. “जाऊ दे. सणाचा दिवस. जा, पोळी खा.” आणि त्यानं शेवटचा डबा तसाच ओतला.

मी पोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. गाडीला शिवले, ह्या भीतीपुढं कपड्याचं मला काहीच वाटलं नाही. मऊ जुनं कापड, विरून जाईल डिझेलमध्ये, असं धरून चालले.

दसऱ्यानंतर आठ दिवसांत गाडी बंद पडायला लागली. भरलेली गाडी चढाला आली की आचके द्यायची आणि थांबायची. अर्धा तास तशीच उभी ठेवली की एका बटणात चालू. जणू काही झालंच नाही. मग आणखी दहा-वीस मैल, आणि परत. मिस्त्रीनं फिल्टर बदलला. दोन दिवस बरी. नोझल बदलले. पंप उतरवला, बसवला. गाडी गॅरेजात असेपर्यंत गुणी बाळ, चढ आला की मेली. सगळ्यांत वाईट म्हणजे ती दोनदा मैंदर्गीच्याच चढावर बंद पडली. अव्वाच्या माहेरची माणसं कट्ट्यावर बसून बघायची. कुणीतरी तिथून विचारलं म्हणे, “जावईबापू, बैल पाठवू का?” त्या दिवशी आप्पा घरी आले आणि हात धुतले नाहीत की काही नाही, आधी अव्वाला झोडपलं.

मला कारण माहीत होतं. म्हणजे मला वाटत होतं की माहीत आहे. विटाळानं गाडी बसली, माझ्या. कपडा माझ्या डोक्यातही नव्हता. मी रोज गाडीच्या चाकाला दुरूनच नमस्कार करायची आणि मनात म्हणायची, मला काय करायचं ते कर, पण चाल.

दिवाळीच्या आसपास रोज जेवताना एकच विषय. इंजिन उघडायचं की गाडी देऊन टाकायची. बंडूशेठ म्हणून गाड्यांचा दलाल होता, पांढरं धोतर, तोंडात सुपारी. तो म्हणत होता, ही दे, वर चार हजार दे आणि माझ्याकडची चालती गाडी घेऊन जा. मिस्त्री म्हणत होता, इंजिन उघडू, बोअर करू, सहा हजारात नवी करून देतो. आप्पांकडे दोन्हींतल्या कशाचेच पैसे नव्हते. कर्ज काढून काहीही केलं तरी एकदाच करता येणार होतं.

“उघडा की,” अव्वा भाकरी वाढता वाढता म्हणाली. “दिऊ नका. त्यात माज्या पाटल्या हायत.”

आप्पा हसले. “हायत की. रोज सायलेन्सरमधनं भाईर पडत्यात. मैंदर्गीला जा, बापाला धूर दाव. म्हणावं ही बघ पाटली चालली, ह्यो बघ बिल्वर.”

आत्याला हसून ठसका लागला. तिनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, “शिद्राम, गाडी बदलतुयास तर हिला बी टाक की बदल्यात. वर चार हजार त्योच दील बंडूशेठ.”

“न्हाई दिनार आक्का. जुनं इंजिन अन् जुनी बायको, उघडून बघितलं की खर्चच निगतो.”

मीही हसले. हसलं नाही की सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे जातं. अव्वानं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्या ताटात चटणी वाढली, रोजच्याएवढीच.

मग आत्याचंच डोकं चाललं. म्हणाली, “इंजिन बिगडलं असतं तर बिगडल्यालंच ऱ्हायलं असतं. अर्ध्या तासानं आपसूक चालतंय म्हंजे काय? माणसाचं काम हाय ह्ये. डिझेल इकून घासलेट घालतुया तुजा डायवर. चढाला कळतंय.” आप्पांचा घास हातातच राहिला. मला दिसलं, त्यांचं तोंड सैल झालं. ड्रायव्हरच चोर असेल तर गाडी उघडायलाही नको आणि द्यायलाही नको. चार-सहा हजार वाचतात. त्यांना तेच खरं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफमामा आला तेव्हा अंगणात आप्पा उभे होते आणि हातात टामी होती, चाकाचे नट खोलायची लोखंडी कांब. आधी शिव्या. मग घासलेटाचं विचारलं. मामाला आधी कळेचना.

“मालक, चार साल झाले. एक लिटरचा हिशेब चुकला का कधी?”

“मग गाडी का मरती?”

“अल्लाची कसम, मला बी कळंना. खंडेनवमीपतोर चांगली होती. त्या दिवशी घरच्या पिंपातलं डिझेल घातलं, त्याच्यानंतरच हे सुरू झालं.” आणि मग त्याला आठवलं. त्याचं तोंड उजळलं. अजून दिसतं मला. “गौरा होती की! गौरानं कपडा धरला होता. तिला विचारा की मालक, पिंपातलंच डिझेल ओतलं का मी आणखी काय ओतलं. बोल बेटा.”

सगळे माझ्याकडे वळले. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. खरंच एवढंच म्हणायचं होतं, व्हय, मी होते. तो माझ्यावर आळ घेत नव्हता, साक्ष मागत होता. पण आत्या दारात उभी होती. एव्हाना तिच्या रेघांचा हिशेब तिला लागला होता, त्या महिन्यात माझे दिवस कधी आले असतील ते ती दोनदा खोदून विचारून गेली होती. व्हय म्हटलं की खंडेनवमीला मी गाडीला शिवले, हे उघड. त्या टामीकडे मी बघितलं.

“मी न्हवते,” मी म्हणाले. “मी गाडीपाशी गेलेच न्हाई त्या दिवशी.”

माझा आवाज कधी दाराबाहेर ऐकू जात नाही, लोक दोनदा विचारतात. तेव्हा मात्र अंगणभर ऐकू गेला.

“माज्या लेकरावर नाव घालतुस व्हय रं?” आप्पा म्हणाले, आणि मारलं. मामानं तोंडासमोर उजवा हात धरला होता, त्याच हातावर पडली. पहिली पडली तेव्हा आवाज आला, वाळलेल्या लाकडासारखा. मग आणखी दोन. त्यानं उलट हात उगारला नाही, पळाला नाही, मधेमधे नुसतं माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. ऐकण्यात चूक झाली असेल, मी परत सांगेन, असं वाट बघितल्यासारखं. अव्वाला ठाऊक होतं टाकीशी कोण होतं, तिनंच तर मला धाडलं होतं. ती चुलीपाशी बसून राहिली. आम्ही दोघींनी ते केलं, असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणायची, आप्पांनी केलं.

ठेवलेले पैसे आप्पांनी दिले नाहीत. पंपाचा खर्च, नोझलचा खर्च, बंद पडलेल्या खेपा, असं सगळं त्यात वळतं केलं आणि वर म्हणाले, पोलिसात देत नाही हे उपकार समज. आत्यानं कोनाड्यातली ताटली काठीनं ढकलून उकिरड्यावर टाकली. पुढं कळलं की त्याची दोन बोटं आणि मनगट वाकडंच जुळलं आणि स्टेअरिंग त्याला कधी धरता आलं नाही.

नवा ड्रायव्हर आला. तिसऱ्याच खेपेला गाडी चढावर बंद पडली. तेव्हा घरात कुणी हनीफमामाचं नाव काढलं नाही. आप्पा बंडूशेठकडे गेले. आता त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून चारचे साडेपाच हजार झाले. अव्वानं त्यांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले होते, म्हणत होती एकदा उघडा, एकदाच उघडून बघा. गाडी न्यायला माणूस आला त्या सकाळी आप्पांनी बोनेटवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले. त्यांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि पुढंही नाही, आजीच्या मयतालासुद्धा नाही.

दोन दिवसांनी बंडूशेठचा माणूस पेढ्याचा पुडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. अंगणात शेजारचे दोघंतिघं होते. तो मोठ्यानं म्हणाला, “शेठनी दिलंय. वहिनींचं लुगडं टाकीत ऱ्हायलं हुतं. धुऊन इस्त्री करून दिलंय. गाडी मातुर लई ग्वाड पळती हां!” आणि सांगत बसला, इंजिन ओढायला लागलं की कापड टाकीतल्या नळीच्या तोंडाला चिकटायचं आणि डिझेल बंद व्हायचं. इंजिन थांबलं की सुटून तरंगायचं. शेठच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी टाकी उतरवली, पाच मिनिटांचं काम. एक रुपया लागला नाही. शेजारची माणसं तोंडावर हात धरून हसत होती.

हिरवा तुकडा, तांबडा काठ, मधोमध इस्त्रीची कडक घडी.

आप्पांनी तो अव्वाच्या समोर धरला. तिनं काठ बघितला, मग मला बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, “माज्याच हातनं पडलं आसंल.”

तो मार मी लिहीत नाही. संध्याकाळी मी पाणी द्यायला गेले आणि आप्पांना कसंबसं म्हणाले, “हनीफमामाला बोलवून...” ते माझ्यावर हात उगारून थांबले. “काय सांगू त्याला बोलवून? माज्या बायकोच्या लुगड्यानं गाडी बसली म्हणून? चोरच हुता त्यो. ह्यात न्हवता तर दुसऱ्या कशात आसंल.” आत्या म्हणाली, “साकु. मोडल्याला हात काय जोडून दिनार हायस का?” साकु म्हणजे कानडीत पुरे. तो विषय आमच्या घरात तिथंच पुरा झाला.

अव्वानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. पण त्यानंतर माझ्या हातची भाकरी तिनं खाल्ली नाही. मी थापली की तिचं पोट भरलेलं असायचं. लग्न झाल्यावर ती माझ्याकडे यायची तेव्हाही पदरात बांधून आणायची. मरेपर्यंत.

मधली वर्षं सोडून देते. त्यांत सगळ्या बायकांसारखंच आहे. आमचे हे वारल्यावर मी कडक भाकऱ्या करून नवी पेठेतल्या दुकानांत घालायला लागले, पहिल्यांदाच माझे म्हणावेत असे पैसे हातात आले, आणि मग राहवेना. एका जुन्या ड्रायव्हरकडून पत्ता काढला. हनीफमामा केव्हाच गेला होता. विजापूर वेशीकडच्या एका बोळात त्याची मुलगी राहत होती. शमशाद. केस पांढरे, गळ्यात टेप, दारातच मशीन. तेव्हाच्या तेव्हा पैसे मिळाले नाहीत म्हणून ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि पुन्हा जुळलं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं सगळं. किती वेळ लागला देव जाणे, तिनं तीनदा “जोर से बोलो” म्हटलं. बोळातल्या बायका जमल्या. त्यांच्यासमोर सांगावं लागलं.

“कपडा?” ती म्हणाली.

“व्हय. लुगड्याचा.”

तिनं मशीन थांबवलं. “अब्बा पंक्चर काढायचे, वाकड्या हातानं. काढता काढता मधीच थांबायचे. बोलते, नोझल नै था, पंप भी नै था. फिर क्या था? मरे तबतलक सोचते रहे. आखरी दिन भी मेरे कू पूछे, गाडी कायकू बंद पडती होगी गे?” ती माझ्याकडे बघून हसली, पण ते हसणं नव्हतं. “एक बार आके बोलती तो. पैसे नै देती तो भी चलता था.”

मी पैसे पुढं केले. आप्पांकडे ठेवलेले होते तेवढे, वर थोडे. तिनं मोजलेसुद्धा नाहीत. म्हणाली, तेव्हा ह्या पैशात एक तोळा सोनं येत होतं, अब्बांनी सराफाला विचारून ठेवलं होतं. “तोळा द्या. भाव आजका.”

मी हो म्हटलं. मुलाला सांगितलं नाही, त्याला वाटतं मी भिशी भरत होते. सहा वर्षं लागली. सोनं दर वर्षी वर जायचं आणि माझे गुडघे खाली. एकेका ग्रॅमचे त्या दिवसाच्या भावानं पैसे देत गेले. तिनं एकदाही आत बोलावलं नाही, बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. दर वेळी उंबऱ्याबाहेर उभं करून मोठ्यानं मोजायची, बोळाला ऐकू जाईल असं. मला लोकांसमोर उभं राहायला होत नाही हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

गेल्या सोमवारी शेवटचे दिले. तिनं चष्मा लावून दोनदा मोजले, एक नोट फाटकी होती ती बदलून मागितली. मी बदलून दिली. “बराबर,” ती म्हणाली. मी उभीच राहिले. तिनं मान वर केली. “अब कायकू खडी है? पूरा हुआ ना?”

“व्हय,” मी म्हणाले, “पुरं झालं.” ती परत शिवायला लागली, आणि मी घरी आले. पैसे सगळे फिटले.